तळहातावरचं पाणी

सोलापूर जिल्ह्यात धबधबा आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. ज्या मुलखात नळाला पाणी आलं की घरात सणाची धावपळ सुरू होते, तिथं धबधबा कुठून यायचा? पण अक्कलकोटच्या पलीकडे, जिथं मराठी बोलता बोलता माणूस कानडीत कधी शिरला ते त्याचं त्यालाही कळत नाही, तिथं कल्लूर नावाचं गाव आहे आणि कल्लूरच्या माळाला एक घळ आहे. वरचा माळ सपाट, कुसळांनी भरलेला. चालता चालता जमीन एकदम संपते आणि खाली करंज, उंबर, सीताफळ, शिंदी यांची दाट झाडी दिसते. परतीचा पाऊस मनासारखा झाला तर या घळीच्या टोकाला कड्यावरून पाण्याची एक धार पडते. पाऊस रुसला तर पडत नाही. पडली तरी दिवाळीच्या पुढेमागे आटून जाते. गावची माणसं तिला अब्बी म्हणतात. कानडीत धबधब्याला तेच नाव. वेगळं नाव ठेवायची कुणाला गरज पडली नाही, कारण पंचक्रोशीत दुसरी अब्बीच नाही.

रुद्राणी ही कल्लूरची माहेरवाशीण. लग्न होऊन ती सोलापुरात, भवानी पेठेत आली. तेव्हापासून पाऊस बरा झाला की ती नवऱ्याला म्हणायची, "एकदा अब्बी बघायला जाऊ या की." आणि गुरुसिद्धप्पा म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. सणासुदीच्या तोंडावर दुकान बंद ठेवून पाणी बघायला जाणारा दुकानदार त्यांच्या मते एक तर वेडा असतो नाही तर दिवाळखोर. पुढं दुकान मुलाच्या, प्रभुच्या हाती गेलं, तरी त्यांचं उत्तर काही बदललं नाही. सवयीचं उत्तर होतं ते.

यंदा मात्र मडिवाळप्पाने, म्हणजे रुद्राणीच्या धाकट्या भावाने, मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. "अक्का, अब्बी सुटली बग!" असं तो पाण्याच्या आवाजावर ओरडत होता. गुरुसिद्धप्पांनी चष्मा नीट करण्याच्या मिषाने तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मग सवयीनं म्हणाले, "पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी पाणी असंल," रुद्राणी म्हणाली, "माजे गुडगे नसतील."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग म्हणाले, "जाऊ. पण माजी पूजा चुकणार न्हाय, हे आदीच सांगतो."

ही पूजा म्हणजे काय ते सांगायला हवं. लिंगायत घरातल्या जुन्या माणसांप्रमाणे गुरुसिद्धप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होतं, सुपारीएवढं, काळं, गुळगुळीत. ते चांदीच्या एका डबीत असायचं. बाळपणी स्वामी ते बांधतात, माणूस जन्मभर ते अंगावर वागवतो आणि शेवटी त्याच्यासोबतच ते मातीत जातं. रोज आंघोळ झाली की लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि मगच अन्नपाण्याला शिवायचं. रुद्राणीच्याही गळ्यात तसंच लिंग होतं, तिची डबी तेवढी लहान. पण नेमाचा दरारा घरात एकट्या गुरुसिद्धप्पांचा. ते पूजेला बसले की प्रभुची पोरंसुद्धा टीव्हीचा आवाज बारीक करायची. फक्त एका गोष्टीला नेमातून सूट होती, ती म्हणजे साखरेच्या आजाराची गोळी. ती जेवणाआधी घ्यायची असते. औषधाला नेम लागू नाही, असा निकाल त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता.

तर दोघं आदल्या दिवशी कल्लूरला येऊन राहिली. सकाळी आंघोळी आटोपल्यावर रुद्राणीच म्हणाली, "आज अब्बीच्या पाण्यानंच पूजा करा की." कल्पना गुरुसिद्धप्पांना पटली. मडिवाळप्पाने कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि गूळ असं फडक्यात बांधून घेतलं.

"किती लांब हाय?" गुरुसिद्धप्पांनी विचारलं.

"हितंच की दाजी!"

या 'हितंच'वर विसंबून त्यांनी गोळी घेतली आणि तिघं निघाली. आता खेड्यातल्या माणसाच्या 'हितंच'चा शहरातल्या माणसाने भरवसा धरू नये, हे शहाणपण ज्याला त्याला ठेच लागूनच येतं. माळ संपता संपेना. पुढं घळीत उतरायची वाट शेळ्यांची, निसरडी. रुद्राणीला एका बाजूने भाऊ धरत होता, तर दुसऱ्या बाजूने नवरा. जागोजागी बसत, दम खात ती उतरली. पण मध्येच कुठंतरी झाडीतून पाण्याचा आवाज आला आणि तिच्या गुडघ्यातली कळ तिला आठवेनाशी झाली.

अब्बी तिच्या आठवणीत होती तशीच होती. लहानपणची डोंगराएवढी वाटणारी गोष्ट मोठेपणी ढेकळाएवढी निघते म्हणतात, म्हणून ती मनातून जरा भ्यायली होती. पण नाही. काळ्या कड्यावरून पांढरी धार खाली येत होती, खालच्या डोहात कमरेएवढं पाणी होतं, आणि कडेच्या उंबराची मुळं पाण्यात उतरली होती. धारेचे तुषार तोंडावर आले तशी रुद्राणी एकटीच हसायला लागली. आई, वडील, परकर खोचून पाण्यात उतरलेल्या मैत्रिणी, सगळं तिला एकदम भेटल्यासारखं झालं. तिला फार बरं वाटलं.

आणि तिला त्याहून नवल वाटलं ते नवऱ्याचं. जन्मभर तराजूच्या मागे बसलेला हा माणूस धोतर गुडघ्याच्या वर खोचून सरळ पाण्यात शिरला. टकलावर पाणी पडलं तसा "आहाहा, शिवा शिवा!" करून ओरडला आणि वळून म्हणाला, "रुद्राणी, ये की!"

भावाच्या देखत त्यांनी तिला आजवर कधी नावाने हाक मारली नव्हती. ती लाजली. मडिवाळप्पा मोठ्या शहाणपणाने झाडाच्या शेंड्याकडे बघू लागला.

धारेच्या अगदी जवळ एक सपाट दगड होता. गुरुसिद्धप्पा त्यावर बसले, डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं. रुद्राणीने डोहातून तांब्या भरून पुढं केला.

"तांब्या कशाला?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "एवढी गंगा वरनं पडायलीय. पडू दे की थेट!"

आणि त्यांनी हात धारेखाली धरला.

लांबून मऊ दिसणारं पाणी उंचावरून येतं तेव्हा त्याला चांगलंच वजन असतं. तळहातावर पाण्याचा दणका बसला, हात खाली गेला आणि वर आला तेव्हा रिकामा होता. गुरुसिद्धप्पा त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गेलं."

मडिवाळप्पाने अंगरखा काढून डोहात उडी घेतली. बुडी मारायचा आणि मूठभर दगड घेऊन वर यायचा. पण त्या डोहाच्या तळाला सगळे काळेच दगड, वर्षानुवर्षं पाण्याने घासून गोल झालेले. प्रत्येक वेळी तो ओंजळ पुढं करायचा, गुरुसिद्धप्पा आशेने वाकून बघायचे आणि मान हलवायचे. चिखल ढवळून पाणी लाल झालं, तळ दिसेनासा झाला. शेवटी मडिवाळप्पा काठावर येऊन दात वाजवत बसला.

"दाजी, पाणी निवळू द्या. न्हायतर आटल्यावर सापडंल. जातंय कुटं? डोहाच्या भाईर वाटच न्हाय त्याला. तुमी आदी खाऊन घ्या."

"लिंग मिळाल्याबिगर पाण्याचा थेंब न्हाय," गुरुसिद्धप्पा म्हणाले. आवाज शांत होता, आणि रुद्राणीला भीती वाटली ती त्याचीच. रागाने बोललेली गोष्ट नवरा तासाभराने विसरतो, पण शांतपणे बोललेली कधीच मोडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "आमच्या वडलांचं जत्रंत हरवलं होतं. सापडंस्तवर ते उपाशी बसले. मी त्यांचाच पोरगा हाय."

"त्यांना साखर होती का?" रुद्राणीने विचारलं.

त्यांनी रिकामी डबी बंद केली. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "मला मोह झाला. तांब्यानं घातलं असतं तर काय बिघडत होतं? हसलो, नाचलो, त्याचं हे फळ."

हे ऐकून तिला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी हा माणूस एकदा मोकळा हसला आणि त्याचाही त्याने गुन्हा करून टाकला. आपणच याला इथं आणलं, आपणच अब्बीच्या पाण्याने पूजा करा म्हणालो, हेही तिला टोचत होतं. पण टोचणी घेऊन बसायला वेळ नव्हता, कारण गोळी पोटात गेलेली होती आणि तिच्यामागून अन्न गेलेलं नव्हतं. दुकानात एकदा असंच झालं होतं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत जेवण लांबलं, साखर उतरली आणि ते पोत्यांवर आडवे झाले होते. तेव्हा शेजारीच दवाखाना होता. इथं मोबाईलला रेंजसुद्धा नव्हती, आणि उपाशी माणूस घळ चढून वर जाईल हे शक्य नव्हतं.

मडिवाळप्पा तिच्या कानाशी येऊन कुजबुजला, "अक्का, असाच एक गोल दगड घेतो आनि सापडलं म्हनून सांगतो. जीव तर वाचंल."

क्षणभर तिला मोह झाला. खोटं नाही सांगत, चांगलाच झाला. पण ती म्हणाली, "बेडा, नको. रोज हातावर घेतलंय त्यांनी. वजनावरनं वळकतील. मग माजंबी ऐकायचे न्हाईत आनि तुजंबी." भावाने हातातला दगड पाण्यात टाकून दिला.

गुरुसिद्धप्पांच्या कपाळावर घाम आला होता. समोर गार तुषार उडत असताना आलेला घाम. ओठ पांढुरके पडले होते, बोटं थरथरत होती. रुद्राणीने गुळाचा खडा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान फिरवली. तिला त्यांचा राग आला. एक सणसणीत लावून द्यावी आणि तोंडात गूळ कोंबावा असंही वाटलं. पण चाळीस वर्षांच्या संसारात ती एक गोष्ट शिकली होती: या माणसाला नेम मोडायला लावता येत नाही, नेमातूनच वाट काढून द्यावी लागते.

ती त्यांच्यासमोर त्याच दगडावर बसली. पदराखालची डबी काढली, उघडली आणि आपलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं.

"करा पूजा," ती म्हणाली.

गुरुसिद्धप्पांनी दचकून पाहिलं. "खुळी हायस का? ते तुझं हाय. स्वामींनी तुला दिलंय. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावू नये."

"लावू नका की. ते माज्या हातावरच राहील. तुमी नुसतं पाणी घाला."

"बायकोच्या हातावर?"

"व्हय, बायकोच्या." तिचा आवाज चढला आणि मग आपोआप खाली आला. "जंगम स्वामी घरी आले की त्यांच्या पायावर पाणी घालता आनि तेच पाणी तीर्थ म्हनून पिता. ह्या हातानं जलमभर तुमाला भाकरी थापून घातली. त्या भाकरीनं तुमचा नेम बाटला न्हाय, मग ह्या हातावरच्या पाण्यानं कसा बाटंल?"

गुरुसिद्धप्पांनी तिच्या तळहाताकडे पाहिलं. नेमात असं काही लिहिलेलं आहे की नाही याचा ते मनात हिशेब करत असावेत, आणि असं करू नये हेही कुठं लिहिलेलं त्यांना सापडत नसावं. मग गुरुसिद्धप्पांनी थरथरता हात पुढं करून तांब्या मागितला.

त्यांनी पाणी घातलं. हात हलत असल्यामुळे निम्मं तिच्या मांडीवर सांडलं. मडिवाळप्पाने घरून बांधून आणलेल्या पानांतलं बेलाचं पान काढून दिलं. विभूतीची बोटं लिंगाला न लावता त्यांनी वरून नुसती चिमूट सोडली, म्हणजे तेवढ्यातही नेम सांभाळला. डोळे मिटून ओठांतल्या ओठांत रोजचं म्हटलं. आणि नमस्कारासाठी ते वाकले, तसं त्यांचं कपाळ तिच्या बोटांवर टेकलं.

टेकलं ते लवकर उचललं गेलं नाही. लग्नापासून रुद्राणी या माणसाच्या पाया पडत आली होती, सणाला, वाढदिवसाला, यात्रेला जाताना. त्याचं डोकं आपल्या हातावर आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. घामेजलेलं, ऊन, जड डोकं. तिचे डोळे भरून आले. हात मात्र तिने जराही हलू दिला नाही.

"तीर्थ घ्या," ती म्हणाली आणि तळहातात साचलेलं पाणी त्यांच्या ओठांशी नेलं. ते प्यायले. लगोलग तिने गुळाचा खडा तोंडात दिला, मग दुसरा, मग दह्यात कुस्करलेली भाकरी. या वेळी त्यांनी मान फिरवली नाही. हळूहळू बोटांची थरथर थांबली, ओठांवर रंग आला आणि ते चटणी तिखट झाल्याची तक्रार करू लागले. मडिवाळप्पाने आकाशाकडे बघून हात जोडले.

"आता तू खा," गुरुसिद्धप्पा तिला म्हणाले.

"माजी पूजा व्हायचीय अजून."

"आत्ता झाली की!"

"ती तुमची झाली."

ते घास घेता घेता थांबले. "रोज कवा करतीस तू पूजा?"

"पूर्वी तुमी दुकानात गेल्यावर करत होते. आता तुमी पेपर घेऊन बसला की करते."

"आनि खातीस कवा?"

"पूजा झाल्यावर. नेम तोच न्हाय का?"

"मला वाटायचं, सैपाक करता करता तू खात असशील काहीतरी."

"पूजेच्या आदी?" ती हसली. ज्या नेमाचा घरादाराला धाक होता, तोच नेम त्याच घरात आणखी एक माणूस पाळत होतं. त्याच्यासाठी कुणी टीव्हीचा आवाज बारीक केला नव्हता. सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत ते माणूस उपाशी असायचं, इतकंच.

गुरुसिद्धप्पांनी हातातली भाकरी खाली ठेवली, हात धुतले, तांब्या डोहातून भरून आणला आणि तिच्यासमोर बसले. "धर हात," ते म्हणाले. "पाणी मी घालतो. सावकाश कर, घाई न्हाय."

रुद्राणीने इतक्या सावकाश पूजा तिच्या आयुष्यात कधी केली नव्हती. नंतर ती जेवली, आणि ती जेवत असताना नवरा आणि भाऊ पाण्याकडे बघत राहिले.

ऊन घळीत उतरलं. पाणी निवळलं, पण तळाशी नुसते काळे गोल दगडच दिसत होते. मडिवाळप्पा पुन्हा अंगरखा काढायला लागला, तशी गुरुसिद्धप्पांनी त्याला खूण केली. "राहू दे. गारठशील. आटल्यावर बघ."

"आटायला दिवाळी उजाडंल, दाजी. तवर मठातल्या स्वामींकडनं नवं मागून घ्या. देतात ते."

"नवं कशाला?" गुरुसिद्धप्पा उठता उठता म्हणाले. रुद्राणीला उठवण्यासाठी त्यांनी हात पुढं केला, पण नजर मात्र तिच्याकडे न देता पलीकडच्या उंबराकडे लावली. "तवर घरात हाय की एक."

तिघं चढायला लागली. पहिल्या वळणावर, जिथून अब्बी शेवटची दिसते, तिथं रुद्राणी दम खायच्या निमित्ताने थांबली. गेली कित्येक वर्षं तिने पावसाला विनवलं होतं की अब्बीला पाणी येऊ दे. आज तिने थेट अब्बीलाच, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, माहेरच्या कानडीत सांगितलं, "यंदा जरा उशिरानं आट, बाई."